पाठवलेलं टपाल घरी येत नाही: कोल्हापुरात शोध कुठून सुरू करायचा

एटीएम कार्ड, पासपोर्ट, लायसन्स, विम्याची पॉलिसी, गुणपत्रक, कोर्टाची नोटीस. पाठवणारा सांगतो, "पंधरा दिवस झाले पाठवून." जवळच्या पोस्टात विचारलं की उत्तर मिळतं, "आमच्याकडे काही नाही." मग माणूस आठवडाभर वाट बघत बसतो, आणि बहुतेक वेळा नेमकं त्याच आठवड्यात टपाल परत जातं. पैसे न लागणारी कामं आधी आणि चकरा मारायला लावणारी नंतर, या क्रमाने खाली सगळं लिहिलं आहे. मधलं सोडून थेट तक्रारीवर उडी मारू नका. अर्धवट माहितीची तक्रार "पत्ता अपुरा" एवढ्या उत्तरावर बंद होते.

लक्षणं

आपला प्रकार यातला कुठला, ते आधी ठरवा.

- पाठवल्याचा मेसेज आला, क्रमांकही आला, पण ट्रॅकिंगवर नोंदच सापडत नाही.
- ट्रॅकिंग तीन-चार दिवस एकाच गावावर अडून बसलं आहे.
- ‘डोअर लॉक्ड’ किंवा ‘इनसफिशियंट अ‍ॅड्रेस’ असा शेरा पडला आहे, आणि घरात तर दिवसभर माणसं होती.
- ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, हातात काही नाही.
- टपाल पाठवणाऱ्याकडे परत निघालं आहे.
- साधं पत्र होतं, त्याला क्रमांकच नाही.
- अख्ख्या इमारतीचं टपाल येतं, तुमचंच दर दोन-तीन महिन्यांनी गायब होतं.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. टपाल एकदा चुकलं तर चूक कुणाचीही असू शकते. पुन्हा पुन्हा तुमचंच चुकत असेल, तर नव्वद टक्के शोध पत्त्यात घ्यायचा.

सात दिवसांचा हिशेब

नोंदीचं, म्हणजे क्रमांक असलेलं, टपाल पोस्टमनने दारी आणलं आणि दार बंद मिळालं, तर ते लगेच परत जात नाही. बटवडा करणाऱ्या पोस्टात ते साधारण सात दिवस ठेवतात. त्या मुदतीत कुणी घ्यायला आलं नाही की पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत रवाना. म्हणजे ‘डोअर लॉक्ड’ हा शेरा सोमवारी पडला असेल, तर पुढच्या सोमवारच्या आत तुम्ही काउंटरवर उभे असायला हवं. या सात दिवसांत काम एका फेरीत होतं. ती मुदत उलटली की तेच काम महिन्यावर जातं. म्हणून खालच्या पहिल्या तीन तपासण्या एकाच दिवशी उरका.

पहिली तपासणी: घर आणि इमारत (खर्च नाही, वेळ दहा मिनिटं)

वॉचमनची खोली, पार्किंगमधल्या टपालपेट्या, खालच्या मजल्यावरचं दुकान, शेजारचं घर, वर राहणारे घरमालक. ‘डिलिव्हर्ड’ दिसत असेल तर हे आधी बघाच. देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता स्पीड पोस्ट करताना ‘रजिस्ट्रेशन’ ही जादा सेवा घेतली, तरच टपाल ज्याच्या नावाचं त्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती देण्याचं बंधन असतं. ती घेतली नसेल तर त्या पत्त्यावरचा दुसरा माणूस सही करून टपाल घेऊ शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी घेतलेलं पाकीट देव्हाऱ्याच्या खणात किंवा वर्तमानपत्रांच्या रद्दीत जाऊन बसतं, हे नेहमीचं.

पेटीवरचं नाव बघा. पेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव असेल, किंवा नुसतं ‘पाटील’ लिहिलं असेल आणि इमारतीत तीन पाटील असतील, तर बदली पोस्टमनने करायचं काय? सुट्टीच्या दिवसांत आणि लग्नसराईत नेहमीचा पोस्टमन रजेवर असतो. नेमकी तेव्हाच टपालं चुकतात, कारण घरं तोंडपाठ असलेला माणूस बीटवर, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या भागात, नसतो.

दुसरी तपासणी: क्रमांक नीट वाचा

टपालाचा क्रमांक तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी भारताची ‘आयएन’ ही अक्षरं. सुरुवात ‘ई’ने असेल तर स्पीड पोस्ट, ‘आर’ने असेल तर रजिस्टर्ड (देशांतर्गत टपालात आता बंद), ‘सी’ने असेल तर पार्सल. या साच्यात न बसणारा क्रमांक बहुधा खाजगी कुरिअरचा असतो. तो घेऊन पोस्टात जाऊ नका, पाठवणाऱ्याला कुरिअरचं नाव विचारा.

ट्रॅकिंगवर नोंद सापडत नसेल तर बहुतेक वेळा एखादा आकडा चुकलेला असतो. पावती थर्मल कागदावर छापलेली असते आणि चार दिवस खिशात राहिली की ३ आणि ८ सारखेच दिसायला लागतात. नववा आकडा हा पडताळ्याचा आकडा असतो, त्यावरून घरीच तपासता येतं. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचं, बेरीज करायची, बेरजेला ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५.

उदाहरणादाखल १२३४५६७८ घ्या. गुणाकार ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. अकराने भागल्यावर बाकी ६. अकरातून सहा गेले, उरले ५. म्हणजे पूर्ण आकडा १२३४५६७८५ असायला हवा. तिसरा आकडा ३ ऐवजी ८ वाचला असता तर बेरीज २२४ झाली असती आणि पडताळा ७ आला असता. पावतीवर शेवटी ५ आहे, म्हणजे तिथे ८ नाही, ३ आहे. दोन मिनिटांत कळतं.

क्रमांक सापडला की ट्रॅकिंगच्या वरच्या ओळीत ‘डेस्टिनेशन पिनकोड’ असतो, तो वाचा. ही ओळ लोक बघतच नाहीत आणि खालच्या नोंदी वाचत बसतात. तिथला पिन तुमचा नसेल, तर टपाल बरोबर जागी चाललंय, फक्त ती जागा तुमची नाही. एकाच वेळी दहा पाकिटं नोंदवताना बारकोडाच्या पट्ट्या अदलाबदल झाल्या की असं होतं. तुमच्या हातातला क्रमांक दुसऱ्याच्या पाकिटाचा असतो. अशा वेळी पाठवणाऱ्याकडून त्या दिवशीच्या सगळ्या पावत्यांची यादी मागवा.

आता खालच्या नोंदी. कार्यालयाच्या नावापुढे ‘एनएसएच’ किंवा ‘आयसीएच’ असेल तर ते वर्गवारीचं केंद्र, तिथे तुम्हाला कुणी टपाल देणार नाही. ‘एचओ’ म्हणजे मुख्य पोस्ट, ‘एसओ’ म्हणजे उपडाकघर, ‘बीओ’ म्हणजे खेड्यातलं शाखा डाकघर. टपाल पुणे एनएसएचला दोन दिवस थांबलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पाच दिवस हललं नाही तर तक्रारीचा विषय आहे.

- ‘डोअर लॉक्ड’: टपाल पोस्टात आहे, सात दिवस मोजा.
- ‘इनसफिशियंट अ‍ॅड्रेस’, ‘अ‍ॅड्रेसी कॅनॉट बी लोकेटेड’: बीटवरच्या माणसाला घर सापडलेलं नाही. हे टपाल लवकर परत जातं, त्याच दिवशी पोस्ट गाठा.
- ‘मिससेंट’: चुकीच्या कार्यालयात गेलं होतं, पुढे पाठवलं जातंय. दोन-तीन दिवस द्या.
- ‘रिफ्यूज्ड’: कुणीतरी घ्यायला नकार दिला. घरात विचारा. नोटीस असेल तर खालचा ‘इथे थांबा’ हा भाग आधी वाचा.
- ‘डिलिव्हर्ड’: कुठल्या कार्यालयाने बटवडा केला ते नाव बघा. ते तुमचं बटवडा कार्यालय नसेल तर टपाल दुसऱ्याच पत्त्यावर गेलं आहे.

या ठिकाणी एक सावधगिरी. "तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडलं आहे, २४ तासांत या लिंकवर पत्ता भरा" असा मेसेज डाक विभागाच्या नावाने फिरतो. तो खोटा आहे, सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही तसं जाहीर केलं आहे. टपालाची वाट बघणारा माणूस याला पटकन फसतो. लिंक उघडून कार्डाचा तपशील दिला असेल तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करा. टपाल नंतर शोधा.

तिसरी तपासणी: पाकिटावर प्रत्यक्षात काय लिहिलं होतं

पाठवणाऱ्याला फक्त "पत्ता बरोबर आहे ना?" असं विचारू नका, तो "हो" म्हणतो. पाकिटावर चिकटवलेल्या पत्त्याचा फोटो किंवा त्यांच्या यंत्रणेतला पत्ता अक्षरशः जसाच्या तसा मागवा. चूक बहुधा इथेच सापडते.

पिनचा पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन बटवडा करणारं पोस्ट सांगतात. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत आहे. ४१६ ने सुरू होणारे पिन कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गाकडचे. आता ४१६ मधल्या १ आणि ६ ची अदलाबदल झाली की होतं ४६१, आणि तो आहे मध्य प्रदेशातला नर्मदापुरमचा, म्हणजे जुन्या होशंगाबादचा. पाकिटावर ‘कोल्हापूर’ ठळक लिहिलेलं असलं तरी वर्गवारी पिनवर होते. टपाल आधी नर्मदापुरमला जातं, तिथे ‘मिससेंट’चा शेरा बसतो आणि मग उलट प्रवास सुरू होतो.

आपल्या भागातल्या ठरलेल्या गफलती अशा:

कसबा बावड्याचा पिन ४१६००६, गगनबावड्याचा ४१६२०६. एकाच आकड्याचा फरक, आणि पत्त्यात नुसतं ‘बावडा’ लिहिलेलं. पाकीट थेट घाटाच्या तोंडाशी. पुलाची शिरोली, म्हणजे एमआयडीसीकडची, ४१६१२२, आणि तालुक्याचं गाव शिरोळ ४१६१०३. इंग्रजी फॉर्ममध्ये दोन्ही नावं इतकी सारखी दिसतात की बाहेरगावचा ऑपरेटर जे यादीत वर दिसेल ते निवडतो. मंगळवार पेठ कोल्हापुरात आहे तशी पुण्यातही आहे. कंपनीचं कार्यालय पुण्यात असेल, तर ‘मंगळवार पेठ’ दिसताच सवयीने ४११०११ टाकला जातो, आपला ४१६०१२ बाजूला राहतो.

वॉर्डाचा घोळ वेगळाच. ‘ई वॉर्ड, कोल्हापूर’ एवढ्याने काही कळत नाही. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क हे सगळे ई वॉर्डातच येतात आणि त्यांची बटवडा कार्यालयं वेगवेगळी आहेत. सिटी सर्व्हे नंबर लिहिला की काम झालं असं जुन्या घरांतल्या लोकांना वाटतं. पूर्वी ते खरंही होतं. पण वाडा पाडून अपार्टमेंट उभं राहिलं की त्याच एका नंबरावर वीस फ्लॅट येतात.

असा पत्ता परत जातो:

पाटील, ई वॉर्ड, राजारामपुरी, कोल्हापूर.

असा पोहोचतो:

श्री. अ. ब. पाटील, फ्लॅट ३०२, इमारतीचं नाव, राजारामपुरी ९ वी गल्ली, सि. स. नं. अमुक, ई वॉर्ड, कोल्हापूर ४१६००८, मोबाइल नंबर.

फ्लॅट आणि गल्ली आधी, सर्व्हे नंबर आणि वॉर्ड नंतर, हा क्रम मुद्दाम दिला आहे. बँका आणि विमा कंपन्यांच्या फॉर्ममध्ये पत्त्याच्या ओळीला अक्षरांची मर्यादा असते आणि उरलेला भाग छापताना गळून पडतो. सुरुवातीलाच ‘सि. स. नं. २१४/अ/३, ई वॉर्ड’ लिहिलं तर ‘९ वी गल्ली’ छापलीच जात नाही. भाडेकरू आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं नाव ‘द्वारा’ लिहून घालावं. गडहिंग्लज, आजऱ्याहून शिकायला आलेल्या मुलाचं नाव गल्लीत कुणालाच माहीत नसतं, घरमालकाचं असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं टपाल माहेरच्या नावाने आलं की हमखास ‘पत्ता सापडत नाही’ होतं. पेटीवर दोन्ही नावं लिहा.

आणि हे लक्षात घ्या: आधारचं पीव्हीसी कार्ड आधारवरच्या पत्त्यावर जातं, लायसन्स परवान्याच्या नोंदीतल्या पत्त्यावर. तुम्ही आज कुठे राहता याच्याशी त्याचा संबंध नाही.

चौथी तपासणी: बटवडा कार्यालयात जाणं

इथे सगळ्यात जास्त फुकट चकरा होतात, कारण लोक घराजवळच्या पोस्टात जातात. शहरातली काही उपडाकघरं फक्त काउंटरची कामं करतात, बटवडा तिथून होत नाही. "आमच्याकडे काही नाही" हे तिथलं उत्तर खरंच असतं. तुमच्या पिनचं बटवडा कार्यालय डाक विभागाच्या संकेतस्थळावर पिनकोड शोधात दिसतं, नावापुढे ‘डिलिव्हरी’ की ‘नॉन-डिलिव्हरी’ तेही लिहिलेलं असतं. पार्सलांचा बटवडा कधी कधी वेगळ्या केंद्रातून होतो, म्हणून ट्रॅकिंगमधलं शेवटचं कार्यालय कुठलं ते आधी बघा आणि तिथेच जा. रमणमळ्यातल्या मुख्य पोस्टात सगळ्या कोल्हापूरचं टपाल मिळतं, हा समज चुकीचा आहे.

वेळ सांभाळा. सकाळी पोस्टमन बीटवर निघण्यापूर्वी टपाल लावत असतात तेव्हा, किंवा दुपारनंतर ते परतल्यावर. भर दुपारी गेलात तर ज्याला विचारायचं तोच माणूस बाहेर असतो.

सोबत न्यायचं: क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, ट्रॅकिंगच्या पानाची छापील प्रत, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स. दुसऱ्याच्या नावचं टपाल घ्यायचं असेल तर त्याचं सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं. पासपोर्ट मात्र अर्जदाराच्याच हाती देतात, तिथे अधिकारपत्राचा हट्ट धरू नका.

काउंटरवर "माझं टपाल आलंय का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. त्याऐवजी म्हणा, "या क्रमांकाचं टपाल अमुक तारखेला तुमच्याकडे आल्याची नोंद आहे. कुठल्या बीटवर दिलं होतं आणि आता डिपॉझिटमध्ये (राखून ठेवलेल्या टपालात) आहे का, बघता का?" बीटचा पोस्टमन भेटला तर त्याच्याशी नीट बोला. त्याला घर कुठे अडलं ते विचारा, फोन नंबर द्या, घराची खूण सांगा: कुठल्या तालमीच्या मागे, कुठल्या देवळासमोर. ऐन उन्हाळ्यात गल्लोगल्ली सायकल हाणणाऱ्या माणसावर काउंटरवर ओरडून कुणाचं टपाल लवकर आलेलं नाही. आणि वारंवार चुकणाऱ्या टपालाचा खरा इलाज हीच पाच मिनिटांची ओळख आहे.

‘डिलिव्हर्ड’ असून मिळालं नसेल तर पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्या आणि बटवड्याची नोंद, म्हणजे कुणी सही केली आणि कधी, ती दाखवायला सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो लागणार आहे.

पाचवी तपासणी: परत गेलेलं टपाल

पोस्टाला आता काही विचारू नका, टपाल त्यांच्याकडे नाही. एटीएम कार्ड आणि चेकबुक बँकेकडे परत जातं, ते शाखेत जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावं. कोल्हापूरकरांचा पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे जातो. अर्जाची स्थिती पासपोर्टच्या संकेतस्थळावर बघून तिथे संपर्क साधायचा, कोल्हापुरातल्या पासपोर्ट केंद्राच्या हाती ते नसतं. लायसन्स आणि आरसी परिवहन कार्यालयाकडे विचारा. तोवर डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवता येतं. आधारचं कार्ड परत गेलं तर जीव टाकू नका, डाउनलोड केलेलं ई-आधार तितकंच वैध आहे.

पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताच नसेल आणि घेणाराही सापडला नाही, तर टपाल रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. पाकीट उघडून पत्ता शोधण्याचा अधिकार तिथल्याच कर्मचाऱ्यांना असतो. म्हणून आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते आणि फोन नंबर घालून ठेवावा.

सहावी: तक्रार

पोस्टात जाऊन आल्यावर दोन-तीन दिवसांत उलगडा झाला नाही तर तक्रार करा. टोल फ्री क्रमांक १८००-२६६-६८६८, किंवा डाक विभागाच्या संकेतस्थळावरचा तक्रार अर्ज. लेखी अर्ज बरा, त्यात तपशील पूर्ण जातो: टपालाचा क्रमांक, कुठल्या पोस्टात कधी नोंदवलं, दोन्ही पत्ते पिनसह, आत काय होतं, ट्रॅकिंगची शेवटची नोंद आणि तिची तारीख. पाठवल्यापासून महिना उलटायच्या आत करा. जुन्या नोंदी शोधणं अवघड होत जातं. भरपाईची मागणी पाठवणाऱ्याने करायची असते, तेव्हा दोघांनी मिळून अर्ज केलेला चांगला.

भरपाईबद्दल स्पष्ट सांगायला हवं. विमा न उतरवलेल्या टपालाची भरपाई डाकखर्चाच्या मापाने मिळते, आतल्या वस्तूच्या किमतीएवढी नाही. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यातही, नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी विभागावर येते. आतमध्ये दागिना होता, मूळ दस्त होता, याने रक्कम वाढत नाही.

उत्तर गुळमुळीत आलं तर कोल्हापूर विभागाच्या डाक अधीक्षकांकडे अर्ज. त्यांच्यावरचं कार्यालय पुण्यात किंवा मुंबईत असेल असं वाटतं, पण कोल्हापूर विभाग डाक खात्याच्या गोवा क्षेत्रात येतो. पुढचं पत्र पणजीला, पोस्टमास्टर जनरलांकडे. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते, तिथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवसांची आहे. डाक अदालतीची, म्हणजे टपालाच्या तक्रारी ऐकणाऱ्या बैठकीची, सूचना निघाली असेल तर ठरल्या तारखेआधी तिथे अर्ज द्या.

माहिती अधिकार हे हत्यार जपून आणि नेमकं वापरा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि मोजके प्रश्न: या क्रमांकाचं टपाल कोणत्या तारखेला कोणत्या बीटवर दिलं, परत आलं तेव्हा काय शेरा होता, बटवड्याच्या नोंदीची प्रत द्या. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. "टपाल का हरवलं?" असं विचारू नका. माहिती अधिकारात नोंद मिळते, खुलासा मिळत नाही.

इथे थांबा, जाणत्या माणसाकडे जा

एटीएम, क्रेडिट कार्ड किंवा चेकबुक ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय आणि तुम्हाला मिळालेलं नाही: शोध त्या क्षणी बंद. कार्ड ब्लॉक करा, चेकच्या क्रमांकांवर पेमेंट थांबवा. उरलेलं सगळं त्यानंतर.

पासपोर्ट बटवड्यानंतर गायब, किंवा पाकीट फोडलेल्या अवस्थेत आलं: पाकीट तसंच ठेवा, फोटो काढा, पोलिसात लेखी तक्रार द्या आणि पासपोर्ट कार्यालयाला कळवा. स्वतः चौकशी करत फिरू नका.

नोटीस किंवा समन्स ‘रिफ्यूज्ड’ वा ‘अनक्लेम्ड’ होऊन परत गेलं: वकील गाठा, त्याच दिवशी. योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणीने पाठवलेलं टपाल पोहोचलं असं कायदा गृहीत धरतो, १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ तेच सांगतं. "मला मिळालंच नाही" हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते, आणि चेक न वटल्याच्या प्रकरणात तर दिवस मोजलेले असतात. मोठ्या नुकसानीसाठी ग्राहक आयोगात जायचं असेल तरीही वकिलाचा सल्ला आधी, कारण जबाबदारीवरच्या मर्यादेचा मुद्दा तिथे हमखास निघतो. मुदत दोन वर्षांची आहे.

साधं पत्र आणि पावसाळा

साध्या पत्राचा माग काढता येत नाही. पोस्टमनला विचारा, शेजारी विचारा आणि पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. तिकीट कमी लावलेलं असेल तर ते नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. घरातल्या कुणी ते पैसे नाकारले असतील तर पत्र तिथूनच मागे फिरलं.

जुलै-ऑगस्टमध्ये तक्रार करण्यापूर्वी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली होती. अशा वेळी पुण्याकडून येणारं टपाल पलीकडेच थांबतं आणि ट्रॅकिंग हलत नाही. रस्ता सुरू झाल्यापासून आठवडाभर द्या. पण टपाल कोल्हापुरात येऊन ‘डोअर लॉक्ड’ झालं असेल आणि तुम्ही पुरामुळे नातेवाइकांकडे राहायला गेला असाल, तर बटवडा कार्यालयाला लगेच फोन करून टपाल राखून ठेवायला सांगा.

घर बदलणार असाल तर जुन्या पिनच्या बटवडा कार्यालयात पत्ता बदलाचा अर्ज घर सोडण्याआधी द्या, नव्या पत्त्याचा पिन नीट तपासून, आणि बँकेतला पत्ता त्याच आठवड्यात बदला. महत्त्वाचं काही पाठवायचं असेल तर काउंटरवर रजिस्ट्रेशन मागा. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांत त्याचे ५ रुपये अधिक जीएसटी पडतात, ओटीपीने बटवडा हवा असेल तर त्याचेही तेवढेच. पावती हातात आली की काउंटर सोडण्यापूर्वी तिच्यावरचा पिन वाचा आणि फोटो काढून घेणाऱ्याला पाठवा.